वडावरची बिऱ्हाडे आणि सागरावरचा पाहुणा

साताऱ्यास मंगळवार पेठेत आमचे वडिलार्जित घर आहे व त्याच्या परसात एक वड आहे. तो कोणी लावला हे घरात कोणास ठाऊक नाही. आमचे आजोबा सांगत की, आपल्या लहानपणीही तो एवढाच होता. आणि त्यांचे आजोबाही तसेच सांगत असत म्हणे. या वडावर वटवाघळांची दोन-अडीचशे बिऱ्हाडे आहेत. ती भाडे देत नाहीत, दिवसभर आपापसांत कडाकडा भांडतात, आणि तिन्हीसांजेला घरात देवापाशी दिवा लागला की एकामागून एक माहुलीच्या दिशेने निघून जातात, ती पहाटे परत येतात. आमच्या घराण्याची मुलेबाळे नोकरीधंद्यासाठी पुण्यामुंबईस व त्याहून दूर गेली. परंतु ही मंडळी रोज जाऊन रोज परत येत राहिली.

त्यांचा उपद्रव होत नव्हता असे आम्ही म्हणणार नाही. सौभाग्यवतींनी वाळत घातलेल्या धुण्याची जी दशा होई, ती येथे वर्णन करण्याजोगी नाही. फळ चावून, रस गिळून, चोथा थुंकून टाकण्याची त्यांची रीत असल्यामुळे अंगणात सकाळी चोथ्याच्या गोळ्यांचा सडा पडलेला असे. चैत्र-वैशाखाच्या दुपारी ती एका पायाने फांदीस लटकून दुसऱ्या बाजूचा पंख पंख्यासारखा हलवीत वारा घेत. लहानपणी माजघराच्या खिडकीतून तो देखावा पाहत आम्ही पाढे पाठ केलेले आहेत.

२०२१ सालच्या जून महिन्यात मात्र या बिऱ्हाडांविषयी घरात प्रथमच गंभीर बोलणे निघाले. पुण्याच्या राष्ट्रीय विषाणू संस्थेने आदल्या वर्षीच्या मार्चमध्ये महाबळेश्वरच्या एका गुहेतील वटवाघळे तपासली होती, व त्यांपैकी काहींच्या अंगी निपाह रोगाच्या विषाणूची चिन्हे सापडली, अशी वार्ता वृत्तपत्रांत आली. महाबळेश्वर आमच्यापासून सोळा-सतरा कोसांवर. केरळात २०१८ साली याच रोगाने १७ माणसे गेली होती. आमच्या घरात त्या वेळी नुकतीच करोनातून उठलेली दोन माणसे होती आणि धाकट्या सूनबाईंस सातवा महिना लागला होता. अशा वेळी ‘भिऊ नका’ असे सांगणाऱ्याने आपण काय सांगत आहोत याचा विचार करावा. २४ जूनला वटपौर्णिमा आली. घरच्या सुवासिनींनी तोंडास पट्ट्या बांधून, वर पाहत पाहत, घाईघाईने वडास सूत गुंडाळले व आत येऊन हातपाय धुतले.

आमचे वडील बंधू निवृत्त वकील आहेत. त्यांनी त्याच रात्री अर्जाचा मसुदा केला. शहरातील झाड तोडावयाचे तर १९७५ च्या कायद्याप्रमाणे नगरपालिकेची अनुज्ञा लागते, आणि जागा तिघा भावांच्या नावावर असल्यामुळे तिघांच्या सह्या लागतात. दादांनी सही केली. सांगलीच्या धाकट्या बंधूंनी टपालाने करून पाठविली. आमची राहिली. ‘उद्या करू’ असे आम्ही म्हटले. ही आमची जुनी सवय आहे.

आमच्या मोठ्या काकू तेव्हा नव्वदीच्या पुढे होत्या. त्यांस हा बेत मुळीच रुचला नाही. दादांनी त्यांच्यापुढे मनुस्मृती ठेवली. गूळ चोरणारा मनुष्य पुढील जन्मी ‘वाग्गुद’ होतो असे तीत म्हटले आहे, व वाग्गुद म्हणजे वटवाघूळ असा अर्थ पुष्कळांनी केला आहे. तेव्हा ही मंडळी मूळचीच गुन्हेगार, असा दादांचा युक्तिवाद. काकू म्हणाल्या, “मग तुम्ही तिघेही त्या झाडावरच जायचे आहात. कोठीतल्या ढेपा कोण कोरीत असे, ते मला माहीत आहे.” कऱ्हाड-सांगलीकडील गुळाच्या मुलुखात हा नियम कडकपणे अमलात आला, तर वड पुरावयाचे नाहीत, ही गोष्ट खरी आहे.

पुढचा महिना लागला आणि पावसाने जो धीर सोडला तो सर्वांस आठवतच असेल. २२ जुलैच्या सकाळपासून २३ च्या सकाळपर्यंत एकट्या महाबळेश्वरास सुमारे ५९४ मिलिमीटर पाऊस पडला. पाटणच्या बाजूस दरडी कोसळून गावे गाडली गेली. सांगलीत कृष्णा चढू लागली. गावभागातील आमच्या धाकट्या बंधूंच्या घरात २०१९ च्या महापुराचे पाणी माळ्याच्या पायऱ्यांपर्यंत आले होते. त्यामुळे शहाणे होऊन या खेपेस ते आयर्विन पुलाजवळचा आकडा चाळीस फुटांवर जाण्याची वाट न पाहता, बायकामुले व देवांचा संपुष्ट घेऊन विट्यावरून फिरून साताऱ्यास आले. चाळीस ही इशाऱ्याची रेषा, पंचेचाळीस ही धोक्याची. पुढे दोनच दिवसांत नदीने पन्नासही ओलांडले. घरात एकूण एकोणीस पाने मांडली जाऊ लागली.

२३ तारखेस, व्यासपौर्णिमेच्या आदल्या दिवशी सकाळी, पुतण्याने ओसरीच्या कोपऱ्यात, पावसाळी चपलांच्या ढिगाशेजारी, एक पक्षी बसलेला पाहिला. काजळासारखी काळी पाठ, शुभ्र पोट, दुभंगलेली लांब शेपटी, आणि कपाळावर चोचीपासून वर गेलेला पांढरा टिळा. तो कबुतराएवढा दिसत असला तरी त्याचे पंख अंगाच्या मानाने फारच लांब होते. तो उडत नव्हता, पळत नव्हता, चोच किंचित उघडून आमच्याकडे पाहत होता. महाविद्यालयात प्राणिशास्त्र शिकविणाऱ्या एका स्नेह्यांस पुतण्याने छायाचित्र पाठविले. उत्तर आले की, हा सुरय जातीचा पक्षी, काजळी पाठीचा. हा नदीवरचा नव्हे, भर समुद्रावरचा आहे. वादळी वारा याला घाटमाथ्यावरून फेकून देतो. हातमोजे घालून उचला, खोक्यात ठेवा आणि वनखात्यास कळवा. वनखात्यास कळविले, परंतु त्या दिवशी सर्व खाती दरडींच्या कामात होती, तेव्हा रस्ता मोकळा होईपर्यंत पाहुणा आमच्याकडेच राहिला.

घरात केवढा आनंद झाला! साक्षात रत्नाकराकडून कोणी आले, तेही व्यासपौर्णिमेच्या आदल्या दिवशी आणि कपाळावर गोपीचंदन लावून! वहिनींनी खोक्यात मऊ पंचा घातला. मुलांनी आवाज करावयाचा नाही असे ठरले, आणि काय आश्चर्य, मुलांनी तो केला नाही. प्रश्न जेवणाचा आला. आमच्या घराण्यात सात पिढ्यांत मासा उंबरठ्याच्या आत आलेला नाही. पुतण्याने विचारले, तेव्हा सर्वांनी काकूंकडे पाहिले. काकू म्हणाल्या, “पाहुण्याचे पान पाहुण्याच्या रीतीचे. मला फक्त वास कळू देऊ नका.” मासळीबाजार त्या पावसात कोठला? तरी पुतण्याने भिजत जाऊन चार बोटे लांबीचे दोन मासे कोठून तरी पैदा केले. पक्ष्याने त्यांकडे पाहिलेही नाही. चोच उघडून घातलेला तुकडा मात्र त्याने एकदा गिळला, व त्या दिवशी घरातील एकोणीस माणसांस एखाद्या परीक्षेचा निकाल लागल्याचे समाधान झाले.

त्याच रात्री वडाची एक मोठी फांदी मोडून विहिरीच्या कठड्यावर पडली. सकाळी तिच्या पानांत एक वटवाघूळ सापडले. ते त्याच वर्षीचे असावे, कारण अंगाने लहान होते. रंग मातकट तांबूस, तोंड अगदी कोल्ह्याच्या पिलासारखे, डोळे मोठे व पिंगट. एक पंख काटकीत अडकला होता. तेही उडत नव्हते, चोच नसल्यामुळे तोंड किंचित उघडून आमच्याकडे पाहत होते. त्याला पंचा कोणी आणला नाही. दादांनी काठी आणली. मारण्यासाठी नव्हे, सूनबाई त्या बाजूला जाऊ नयेत म्हणून, परंतु काठीच.

पुढे पावसाने घरातच अडकल्यामुळे आम्ही या दोन प्राण्यांविषयी मिळेल ते वाचीत बसलो. आधी हे सांगितले पाहिजे की, महाबळेश्वरच्या गुहेतील फळे खाणारे वाघूळ ते लहान व वेगळ्या जातीचे. आमच्या वडावरचे मोठे, पंख पसरले असता चार फुटांहून रुंद भरणारे. पण म्हणून आमचे निर्दोष, असे नव्हे. केरळातील साथीचा माग काढता तो या मोठ्या जातीपर्यंतच पोचला. दादांचे भय अज्ञानाचे नव्हते, ही गोष्ट आम्ही त्यांस त्या वेळी सांगितली नाही, ती येथे लिहून ठेवतो.

परंतु सुरयाचे तरी काय? पक्ष्यांच्या शीतज्वराचा जो भयंकर प्रकार, त्याचा विषाणू रानातील पक्ष्यांत प्रथम हाती लागला तो दक्षिण आफ्रिकेत, १९६१ साली, आणि तो सुरय जातीच्याच मेलेल्या पक्ष्यांत. त्याच वर्षीच्या जानेवारीत परभणीकडे याच ज्वरामुळे हजारो कोंबड्या पुराव्या लागल्या होत्या. असे असता आमच्या ओसरीवर आठ मुले त्या खोक्याभोवती नाक लावून बसली होती, आणि कोणी काठी आणली नव्हती. कपाळी टिळा असला म्हणजे माणसाचेही असेच होते. पण तो विषय निराळा.

आहाराचे पाहावे तर पारडे अगदीच फिरते. आमचा मानाचा पाहुणा माशांवर व माकूळांवर जगणारा. मोठ्या माशांनी खालून हुसकलेली लहान मासळी पाण्याच्या पृष्ठभागावर आली की वरून टिपणारा. वडावरचे बिऱ्हाड मात्र फळे, फुले व मध यांवर निर्वाह करणारे. वड, पिंपळ, उंबर यांची फळे खाऊन त्यांचे बी दूरवर नेऊन टाकणे हे त्याचे नित्यकर्म. तेव्हा आमचा वड आजोबांच्या आजोबांनी लावला नसेल, तर तो कोणी लावला असेल याचे उत्तर बहुधा त्याच्याच फांदीवर टांगलेले आहे. फलाहार, अधोमुख तप आणि वृक्षसेवा, एवढे गुण एखाद्या बुवात असते तर आम्ही त्याच्या पालखीला खांदा दिला असता.

देहाची रचना पाहता दोघांनीही एकच हात घेऊन त्याचे दोन प्रकारे पंख केले आहेत. पक्ष्याने बोटे आखडून, एकमेकांस जोडून टाकली व सर्व भार पिसांवर सोपविला. वाघळाने बोटे छत्रीच्या काड्यांसारखी लांबविली व त्यांवर कातडे ताणले. अंगठा तेवढा नखासह मोकळा ठेवला. आणि दोघांच्याही वाट्याला एकेक विचित्र उणीव आली. सुरय जन्मभर समुद्रावर राहतो, पण त्याची पिसे भिजतात, म्हणून तो पाण्यावर बदकासारखा विसावू शकत नाही. पिलू एकदा बेटावरून उडाले की वीण करण्याच्या वयास येईपर्यंत कित्येक वर्षे ते जमिनीला पाय लावीत नाही असे म्हणतात. वाघूळ जन्मभर झाडावर राहते, पण त्याला फांदीवर उभे राहता येत नाही. त्याच्या पायांची रचनाच अशी की, अंगाच्या भाराने नखे आपोआप मिटतात व त्याला झोपेतही श्रम पडत नाहीत. एकाला बसावयास जागा नाही, दुसऱ्याला उभे राहावयास.

घरी परतण्याचे वेड मात्र दोघांचे सारखेच. अमेरिकेच्या दक्षिण टोकाजवळील टॉर्टुगस बेटांवर १९०७ साली वॉटसन नावाच्या शास्त्रज्ञाने, जो पुढे मानसशास्त्रात गाजला, त्याने हेच काजळी सुरय पकडून, खुणा करून, जहाजाने आठशे मैलांहून दूर नेऊन सोडले. काही दिवसांत त्यांतले पक्षी आपल्या घरट्यावर परत आले. अटलांटिक महासागरातील असेन्शन बेटावर तर त्यांचे पंचांगच निराळे. तेथे त्यांची वीण बारा महिन्यांनी येत नाही, सुमारे साडेनऊ महिन्यांनी येते. आमच्या बाजूस यांचे घर म्हणजे लक्षद्वीपातील पिट्टी नावाचे निर्जन वाळूचे बेट. कोकणात वेंगुर्ल्यासमोरच्या खडकांवरही सुरयांच्या वसाहती असतात. राष्ट्रसभेच्या स्थापनेत पुढे ज्यांनी भाग घेतला ते ह्यूमसाहेब १८७५ साली केवळ पक्षी पाहण्यासाठी त्या खडकांवर उतरले होते. सागरपक्ष्यांसाठी माणसे अशी जहाजे काढून गेली. वाघळांसाठी कोणी परसापर्यंत जात नाही, आणि सरकारने तर १९७२ च्या वन्यजीव कायद्यात फळे खाणाऱ्या वाघळांस कावळा, उंदीर, घूस यांच्या पंक्तीला उपद्रवी म्हणून बसविले होते. ते परिशिष्ट २०२२ च्या दुरुस्तीने गेले. पण आम्ही ज्या जुलैची गोष्ट सांगत आहोत, त्या जुलैत ते होते.

हे सर्व वाचीत असता आम्हांस ज्या एका गोष्टीने थांबविले ती अशी. सुरयाची मादी एका विणीस एकच अंडे घालते. वाघळाची मादी वर्षाकाठी एकाच पिलास जन्म देते, आणि पहिले काही आठवडे ते पिलू छातीशी धरून उडते. दोघांचेही आयुष्य मोठे, तीस वर्षांपर्यंत जाणारे. उंदीर-घुशींसारखे यांचे नाही. यांची एक पिढी मोडली तर ती भरून यावयास दुसरी पिढी जावी लागते. आमच्या वडावर अडीचशे बिऱ्हाडे आहेत असे म्हटले, तर ती आमच्या वडिलांच्या वेळेपासून एकेका पिलाने जमलेली आहेत. त्या अर्जावर तिसरी सही करण्यास किती वेळ लागला असता?

असो. ते लहान वाघूळ पुतण्याने, जाड मोजे घालून व तोंडास पट्टी बांधून, एका लांब बांबूच्या टोकास टांगले आणि तो बांबू वडाच्या खालच्या फांदीस टेकविला. ते नखाने फांदी धरून हळूहळू वर सरकले. पाने दाट होती, त्यामुळे पुढे दिसले नाही. सुरय तिसऱ्या दिवशी पहाटे गेला. वहिनींच्या डोळ्यांस पाणी आले. पुतण्याने मोजे घालूनच त्याला वडाच्या पायथ्याशी खोल पुरले, आणि वरच्या मंडळींनी त्या प्रसंगी नेहमीप्रमाणे भांडण चालू ठेवले.

त्या संध्याकाळी तिघे भाऊ सोप्यावर बसलो. अर्ज मध्ये होता. दादा म्हणाले, “सूनबाईंस काही झाले तर?” यावर आमच्यापाशी पुराणही नव्हते व विनोदही नव्हता. आम्ही वाचलेले सांगितले: उष्टे फळ कोणी खाऊ नये, विहीर उघडी ठेवू नये, वाघळांस हात लावू नये, एवढे पाळले तर भय पुष्कळ कमी होते, उलट त्यांना हुसकले तर ती नाहीशी होत नाहीत, शेजारच्या पेठेत जातात, आणि उपाशी व भेदरलेल्या वाघळांपासूनच रोग अधिक पसरतो अशी शंका ऑस्ट्रेलियात घोड्यांच्या एका अशाच रोगाचा अभ्यास करणाऱ्यांस आली आहे. “शंका,” दादा म्हणाले. “होय, शंका,” आम्ही म्हटले. धाकटे बंधू पुराचे आकडे पाहण्यात गुंतले होते. ते म्हणाले, “मी सही केली तेव्हा माझे घर पाण्यात नव्हते. आता मला कोणाचे बिऱ्हाड हलविण्याचा उत्साह राहिलेला नाही.”

काकू आतून ऐकत होत्या. त्यांनी गरुडाची गोष्ट काढली. अमृत आणण्यास निघालेला गरुड एका प्रचंड वटवृक्षाच्या फांदीवर बसला व फांदी मोडली. पाहतो तो तिला वालखिल्य ऋषी खाली डोके वर पाय करून तप करीत लटकलेले! गरुडाने ती फांदी चोचीत धरली आणि ऋषी आपण होऊन उतरेपर्यंत ती घेऊन आकाशात फिरत राहिला. दादांनी विचारले, “काकू, आणि तुमचा तो समुद्राकडचा पाहुणा?” काकू म्हणाल्या, “त्याचाही वाली गरुडच. टिट्टिभाची अंडी समुद्राने नेली तेव्हा पक्षी कोणाकडे गेले होते?” टिट्टिभ म्हणजे टिटवी, सुरय नव्हे, हे आम्हांस ठाऊक होते, पण काकूंचा शास्त्रार्थ दुरुस्त करण्याची ती वेळ नव्हती.

अंगणावर येणारी फांदी तेवढी त्या दिवाळीच्या आत रीतसर अनुज्ञा काढून उतरविली. विहिरीवर बारीक जाळी बसली. पडलेले फळ उचलावयाचे नाही हा दंडक झाला, आणि धुणे गच्चीवर गेले. अर्ज दोन सह्यांनिशी आमच्या मेजाच्या खणात आहे. दादा अधूनमधून त्याची चौकशी करतात. आम्ही ‘उद्या’ म्हणतो, व तेही फारसे नेट लावीत नाहीत. श्रावणात सूनबाईंस मुलगा झाला. तो आता बालवाडीत जातो. तिन्हीसांजेला काकूंच्या रिकाम्या आरामखुर्चीत बसून तो माहुलीकडे निघालेली वाघळे मोजतो. वीसपर्यंत त्याला येते. मग तो पुन्हा एकपासून आरंभ करतो.